इंग्रजी अध्यापनातील साहित्य (बेळगाव सीमाभाग)

इंग्रजी ही परकी भाषा शिकवताना कथा, कविता, नाटक व निबंध यांचा पाठ्यवाचन म्हणून केला जाणारा उपयोग. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या घरात मराठी असते, सरकारी कामात कन्नड; इंग्रजीशी त्याची गाठ मुख्यतः पाठ्यपुस्तकात पडते. त्यामुळे त्यातील धड्याचे मोल येथे अधिक.

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमाच्या उगमाबाबत मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये हा विषय रुजण्यापूर्वीच तो हिंदुस्थानात राज्यकारभाराच्या गरजेतून घडला, असे साहित्याच्या अभ्यासक गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये मांडले. हिंदुस्थानातील शिक्षणाची जबाबदारी ईस्ट इंडिया कंपनीवर टाकणारा १८१३ चा सनदी कायदा त्या महत्त्वाचा मानतात. मात्र स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे ह्यू ब्लेअर यांच्यासाठी वक्तृत्व व ललित साहित्य यांचे अध्यासन १७६२ मध्येच निर्माण झाले होते. शिवाय बंगालवरून काढलेले निष्कर्ष मुंबई इलाख्याला सरसकट लावणे धाडसाचे ठरेल. बेळगाव १९५६ पर्यंत याच इलाख्याच्या परंपरेत होते. मुंबई इलाख्यात १८४० च्या दशकात शिक्षण मंडळातच शिक्षणाच्या माध्यमावरून वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, तर कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारला पाठवलेल्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, उच्च शिक्षण इंग्रजीकडे व प्रारंभिक शिक्षण देशी भाषांकडे सोपवले. सीमाभागातील विद्यार्थी आजही बहुधा याच सांध्यावर अडखळतो.

बेळगावचे लिंगराज महाविद्यालय १९३३ चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या काळातील. पुढे येथील पदवी अभ्यासक्रम धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे व २०१० नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आले. १९८० च्या सुमारास कर्नाटकात शालेय भाषाधोरणावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वि. कृ. गोकाक स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते. तरी त्यानंतरचा वाद प्रथम भाषेच्या स्थानाभोवतीच फिरला आणि इंग्रजीच्या तासाला काय वाचावे हा प्रश्न मागे पडला.

बंगळूर येथून भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात चालवलेल्या इंग्रजी अध्यापनाच्या प्रकल्पाने व्याकरणाच्या क्रमाऐवजी कृती केंद्रस्थानी आणल्या. अर्थाकडे लक्ष गुंतले की रचना आपोआप अंगवळणी पडते, हे त्यामागचे गृहीतक. कथेलाही ते लागू पडते: पुढे काय होणार या ओढीने मूल अनोळखी शब्द ओलांडून वाचत राहते. सारांश व तयार उत्तरे पाठ करून घेतल्यास हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. धड्यावरील पहिली चर्चा मराठीत होऊ देऊन लेखन इंग्रजीत करून घेणे, ही पद्धत येथील द्विभाषिक, पुष्कळदा त्रिभाषिक, वर्गांना अधिक मानवणारी दिसते.