म्हाताऱ्याच्या घरातली औषधं

रात्रीची वेळ. घरात एक म्हातारं जोडपं. कपाटात डबाबंद अन्न आणि औषधं. तुमच्या आसऱ्याला मात्र एकजण तापाने फणफणलेला, बाकीचे उपाशी. म्हातारा विनवण्या करतो, पण अंगावर धावून येत नाही. औषध उचलायचं की रिकाम्या हाती परतायचं?

‘धिस वॉर ऑफ माइन’ या गेममधला हा प्रसंग. वॉर्सामधल्या इलेव्हन बिट स्टुडिओजने तो 2014मध्ये काढला. प्रेरणा होती बोस्नियाची राजधानी सारायेव्होला युद्धात पडलेल्या वेढ्याची. 1992 ते 1996, जवळजवळ चार वर्षं ते शहर कोंडलेलं होतं. इथे तुम्ही सैनिक नसता, वेढ्यात अडकलेली साधी माणसं असता.

मी औषधं घेतली. पुढे बराच वेळ खेळावर मन लागेना.

चित्रपटातली चोरी बघून वाईट वाटतं, पण अपराधी वाटत नाही. अपराधीपणाला ‘हे मी केलं’ ही जाणीव लागते. गेममध्ये बटण आपलंच बोट दाबतं, म्हणून तो सल आपल्याला चिकटतो. ट्रॉलीचं कोडं घ्या: रुळांवरून सुटलेली ट्रॉली पाचजणांना चिरडणार आहे. खटका ओढून तिला एकच माणूस असलेल्या रुळावर वळवायला बरेच लोक तयार होतात, पण ती अडवायला पुलावरून एखाद्या माणसाला स्वतः ढकलायचं म्हटलं की बहुतेक जण मागे सरतात. हिशेब तोच, पाचाला एक. संशोधक जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी 2001मध्ये अशा प्रश्नांवर विचार करणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. ढकलण्यासारख्या प्रश्नांच्या वेळी भावनांशी निगडित भाग जास्त सक्रिय दिसले.

काही गेम चांगल्या-वाईटाचे गुण पडद्यावर दाखवतात. मला ते घातक वाटतं, कारण मग माणूस पेच सोडवत नाही, गुण जमवतो. ‘धिस वॉर ऑफ माइन’ असे गुण देत नाही. 2020मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचं जाहीर केलं, ते मला पटलं.

या गेममध्ये चोरी करून परतलेल्या माणसाचं मन खचत जातं. कधी तो नुसता बसून राहतो, कामाला उठत नाही. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्याच्याजवळ बसवून धीर द्यायला लावावं लागतं. आणि तेवढा वेळ त्या दुसऱ्याचं कामही पडून राहतं.