शंभरातले वीस गेले कुठे? सेंच्युरियनचा हिशेब

क्रिकेटमध्ये शतकवीराला ‘सेंच्युरियन’ म्हटलं, की पाठोपाठ खुलासा येतोच: रोमन सैन्यात शंभर शिपायांवरचा अधिकारी तो सेंच्युरियन. शब्दाची फोड बरोबर आहे. लॅटिन ‘केंटुम’ म्हणजे शंभर. संस्कृत ‘शतम्’ आणि तो एकाच मुळातून फुटलेले. पण शिपाई मोजायला बसलं, तर शंभर भरत नाहीत. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसच्या वर्णनावरून एका सेंच्युरियनमागे ६० जण येतात, शेवटच्या फळीत तर ३०च. पुढे सम्राटांच्या काळात तुकडी ८०ची झाली.

हे ८० समजून घ्यायला तंबूत शिरावं लागतं. एका तंबूत आठ जण. झोपणं, खाणं सगळं एकत्र. असले तंबू बकऱ्याच्या कातड्यापासून शिवत; त्या कातड्याचे तुकडे इंग्लंडमध्ये विंडोलांडा या रोमन किल्ल्याच्या उत्खननात मिळाले आहेत. अशा दहा टोळ्या मिळून ८०. छावणीची आखणी शिकवणारी एक लॅटिन पुस्तिका आज उपलब्ध आहे. तिच्यात तंबूला १० रोमन फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर जागा धरली आहे, आणि ताणायच्या दोऱ्यांसाठी आणखी २ फूट. आता गंमत पाहा. ८० जणांना दहा तंबू हवेत, पण लावायचे आठच! कारण तुकडीतले १६ जण पहाऱ्याला लावलेले. उरले ६४, आठ अठ्ठे चौसष्ट. वाचलेल्या दोन तंबूंच्या जागेवर सेंच्युरियन स्वतःचा तंबू ठोकणार. मला हा हिशेब विलक्षण देखणा वाटतो.

आठाच्या आकड्यात काही गूढ शक्ती शोधणाऱ्या अंकशास्त्र्यांनी हे जरूर वाचावं. इथे शुभ-अशुभाचा संबंध नाही, जागा आणि झोप यांची वजाबाकी आहे.

लीजन म्हणजे रोमनांची मोठी पलटण, आणि कोहोर्ट म्हणजे तिच्यातला अशा तुकड्यांचा गट. लीजनच्या पहिल्या कोहोर्टमध्ये तुकड्या दुप्पट, साधारण १६०च्या. तिथल्या अधिकाऱ्याचा हुद्दाही सेंच्युरियनच. त्यांतला सर्वांत वरचा तो ‘प्रीमुस पीलुस’. म्हणजे ३० असोत की १६०, पदाचं नाव तेच. सेंच्युरियनची खूण होती द्राक्षवेलीची काठी. इसवी सन ९ मध्ये जर्मनीत लढाईत पडलेल्या मार्कुस काएलिउस या सेंच्युरियनच्या स्मृतिशिळेवर ती त्याच्या हातात कोरलेली दिसते. आणि ती मारायलाही वापरत. रोमन इतिहासकार टॅसिटस हा लुसिलिउस नावाच्या सेंच्युरियनबद्दल सांगतो: शिपायाच्या पाठीवर काठी मोडली, की तो ओरडून दुसरी मागवायचा, मग आणखी एक. शिपायांनी त्याचं नावच ‘दुसरी आण’ पाडलं होतं. इसवी सन १४च्या बंडात त्यांनी त्याला ठार केलं.