सेफ्टी रेझर (ग्रामीण विदर्भातील वापर)

सेफ्टी रेझर : दाढी करण्याचे मुठीचे हत्यार. यात पातळ दुधारी ब्लेड वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यात आवळलेले असते. धारेलगत संरक्षक कड किंवा दाते असल्याने धार कातडीत खोल शिरत नाही. ब्लेड बोथट झाले की बदलायचे, मूठ तीच राहते. ब्रशने साबणाचा फेस काढून या रेझरने दाढी करण्याला अलीकडे ‘पारंपरिक ओली दाढी’ म्हणू लागले आहेत. कार्ट्रिज (पात्यांसह डोकेच बदलायचा) किंवा यूज अँड थ्रो रेझर सोडून या पद्धतीकडे वळणे हा पाश्चात्त्य देशांत आणि आपल्या शहरांत पुनरुज्जीवनाचा प्रकार मानला जातो. विदर्भाच्या खेड्यांना हे वर्णन पूर्णपणे लागू पडत नाही; येथे ही पद्धत पुरती सुटलीच नव्हती.

उगम : संरक्षक कडेच्या वस्तऱ्याचा मान सामान्यतः पॅरिसचा सुरीकार झां-झाक पेरे याला देतात. सुताराच्या रंध्यावरून सुचून त्याने वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवले आणि धारेचा थोडाच भाग बाहेर ठेवला. हे काही अभ्यासक १७६२ इतके मागे नेतात. तथापि स्वतःची दाढी स्वतः करण्याविषयीचा त्याचा ग्रंथ १७७० च्या सुमाराचा असल्याने तो काळ धरणे अधिक सुरक्षित. इंग्लंडमध्ये १८४७ साली विल्यम हेन्सन याने (वाफेवर चालणाऱ्या विमानाच्या आराखड्यासाठी प्रसिद्ध असलेला तोच) मुठीला आडवे पाते बसवलेल्या, कुदळीच्या घडणीच्या रेझरचे एकस्व (पेटंट) घेतले. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंचे एकस्व १८८० चे. मात्र त्यांचे पाते जाड होते. ते दगडावर घासून चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावे लागे, म्हणजे वस्तऱ्याची मेहनत टळत नव्हती.

किंग कॅम्प जिलेट याच्या कल्पनेचे वर्ष १८९५ सांगितले जाते. पण कल्पना आणि वस्तू यांत सहा-सात वर्षांचे अंतर पडले, आणि ते भरून काढणारा विल्यम निकर्सन हा अभियंता लोकप्रिय लेखनात मागे पडतो. कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीला पाणी देऊन कडक करताना ती वाकडी होऊ न देणे ही खरी अडचण होती आणि ती निकर्सनने सोडवली. एकस्वाचा अर्ज १९०१ चा, मंजुरी १५ नोव्हेंबर १९०४ ची. १९०३ मध्ये अवघे ५१ रेझर व १६८ ब्लेड विकले गेले, असा आकडा बहुतेक ठिकाणी येतो; पुढच्याच वर्षी रेझरांची विक्री नव्वद हजारांवर गेली. संरक्षक कडेचे श्रेय पेरेला आणि बदलत्या ब्लेडचे जिलेट-निकर्सन जोडीला देणे हाच मध्यम मार्ग दिसतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना हे रेझर सरकारी खर्चाने मिळाले. लढाईवरून परतलेल्यांनी ती सवय घरी नेली.

विदर्भातील प्रसार : तीन वाटा संभवतात. एक कामठीच्या लष्करी छावणीची. दुसरी १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचलेल्या रेल्वेची आणि तिच्यालगतच्या खामगाव, अकोला, अमरावती या कापूस-पेठांची. तिसरी तलाठी, शाळामास्तर, जिनातले (सरकी काढण्याच्या कारखान्यातले) मुनीम अशा पगारी मंडळींची. यांतली दुसरी वाट अधिक ग्राह्य वाटते, कारण रेझर एकदाच घ्यावा लागतो, ब्लेड मात्र सतत लागते. पुरवठ्याची साखळी नसेल तर वस्तू रुजत नाही. खेड्यांतील नियमित वापर बहुधा दोन महायुद्धांच्या दरम्यान सुरू झाला. तो सार्वत्रिक होण्याचा काळ देशी ब्लेड स्वस्त झाल्यानंतरचा धरावा. कोलकात्याच्या मल्होत्रा घराण्याचे टोपाझ आणि ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचे सुपरमॅक्स ही त्यांतली परिचित नावे.

त्याआधी दाढी हे बलुत्याचे काम होते. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात नाई, म्हाली, हजाम ही नावे एकाच नोंदीत घेतली आहेत. विदर्भात वारिक हेही नाव आढळते. सुगी झाली की खळ्यावर धान्य आणि वर्षभर ठरल्या दिवशी दाढी, असा व्यवहार असे. हा व्यवहार सर्वांसाठी नव्हता, ही गोष्ट जुन्या वर्णनांत ओझरती येते. अस्पृश्य मानलेल्या जातींना गावचा न्हावी हात लावत नसे. त्यामुळे त्या वस्त्यांत आपली दाढी आपणच करणे, किंवा वस्तीतल्याच जाणत्याकडून करून घेणे भाग होते. सेवा नाकारणे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरले. स्वतः दाढी करण्याचा इतिहास केवळ पगारदारांच्या सोयीचा म्हणून सांगणे यामुळे अपुरे ठरते.

रेझरमुळे न्हाव्याचे काम उणावले, पण जावळ आणि दहाव्याचे क्षौर ही त्याची कामे राहिली. पुढे कावीळ ब व एचआयव्ही यांविषयी जागृती झाल्यावर सलूनमध्ये धार लावायचा वस्तरा मागे पडून ब्लेड बसवायचा वस्तरा आला. त्यात दुधारी ब्लेडच उभे मोडून अर्धे घालतात. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. शहरी बाजारात दोन-तीन पात्यांच्या कार्ट्रिजचा बोलबाला असताना गावच्या किराणा दुकानात आणि आठवडी बाजारात दुधारी ब्लेड सलूनच्या मागणीमुळे मिळतच राहिले. त्यात पेन्सिली, शिवण उसवणे, नखे हे गिऱ्हाईक वेगळेच. २०१० साली जिलेट कंपनीने खास भारतासाठी ‘गार्ड’ हा एकपाती कार्ट्रिज रेझर काढला, तो याच दुधारी ब्लेडच्या गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी. आज कार्ट्रिज सोडून मागे फिरणाऱ्या गावच्या तरुणाला ब्लेड शोधत हिंडावे लागत नाही, आणि रेझर पुष्कळदा आजोबांचाच निघतो.

पाणी व फेस : या पद्धतीचे यश फेसावर आणि फेस पाण्यावर अवलंबून असतो. येथे विदर्भाचा भूगोल आडवा येतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक अम्लाचे पोटॅशियम व सोडियम क्षार असतात. पोटॅशियममुळे फेस मऊ आणि लवकर येतो, स्टिअरिक अम्लामुळे तो टिकतो. पश्चिम व मध्य विदर्भातील काळ्या पाषाणातील विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असल्याने त्यांचा साबणाशी न विरघळणारा साका होतो. हेच दुष्फेन पाणी. लोकांच्या भाषेत ‘जड पाणी’. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात (अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील सु. ४.७ लाख हेक्टर) अडचण दुहेरी आहे. तेथे भूजलात मीठही जास्त, आणि मिठाच्या पाण्यात साबण विरघळण्याऐवजी वेगळा पडतो. साबणाच्या कारखान्यात साबण अलग करण्यासाठी हाच गुणधर्म वापरतात. पाणी उकळल्याने बायकार्बोनेटचा जडपणा जातो. खारेपणा जात नाही, उलट पाणी आटून थोडा वाढतो. म्हणून या पट्ट्यात ‘साबण बदलून पाहिला’ ही तक्रार निरर्थक ठरते. बदलायचे असते ते पाणी. एका दाढीला पेलाभर पुरते. पावसाचे साठवलेले, नळयोजनेतून आलेले धरणाचे किंवा आरओच्या कॅनमधले पाणी फेसापुरते घेतले तरी फरक दिसतो. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या भागात हा प्रश्न सौम्य आहे. अंगाच्या साबणाने दाढी करण्याची सवय सर्वत्र आढळते, पण तो मुख्यतः सोडियमचा साबण असल्याने फेस दाढी अर्ध्यात असतानाच बसतो.

दाढीचा केस पाणी पिऊन दोन-तीन मिनिटांत मऊ होतो. कोमट पाण्याने हे लवकर साधते. (मे महिन्यात स्लॅबवरच्या टाकीचे पाणी मुळातच गरम असते.) मऊ केसाचेही पोलादाशी नाते सरळ नसते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की सुमारे पन्नास पट कठीण असलेली धार केसामुळे नुसती झिजत नाही, तर तिचे टवके उडतात; पोलादाची सूक्ष्म रचना एकसारखी नसणे हे त्याचे कारण. एक ब्लेड साधारण चार-सहा दाढ्या चालते.

हाताची सवय बदलणे हा वळण्यातील अवघड भाग. कार्ट्रिजचे डोके हलते आणि दाब सहन करते. सेफ्टी रेझर दाबला की कापतो. ब्लेड कातडीशी साधारण ३० अंशांवर राहील अशी मूठ धरून रेझरच्या वजनानेच तो खाली येऊ द्यावा, आधी केसाच्या वाढीच्या दिशेने. उलटी दाढी ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी टाळलेली बरी. कापलेले टोक कातडीत वळून पुटकुळ्या येतात. मानेवर केसांची दिशा बदलते आणि बहुतेक जखमा तेथेच होतात. शेवटी तुरटी, ही रीत सलूनची आणि घरची एकच.

वापरलेले ब्लेड कौलात, कुडात किंवा भिंतीच्या फटीत खोचण्याची जुनी सवय लहान मुलांच्या दृष्टीने वाईट. उकिरड्यावर टाकलेले त्याहून वाईट : चारा न चावता गिळणाऱ्या जनावराच्या जाळीपोटात (पोटाच्या एका कप्प्यात) धारदार धातू अडकून पोटाला, कधी हृदयाच्या आवरणाला इजा होते. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा यासाठी पुरतो. भरला की तो भंगारवाल्याला तसाच, न उघडता देतात.