उपग्रह आणि केबल दूरचित्रवाणी : घरगुती जोडणीची निवड

घरातल्या दूरचित्रवाणी संचापर्यंत वाहिन्या पोचवण्याचे दोन रूढ मार्ग आहेत. एकात छपरावरची छत्री थेट उपग्रहाकडून संकेत घेते, तर दुसऱ्यात केबलचालकाच्या केंद्रातून ते तारेने घरात येतात. दोन्हींचे प्रसारण बहुतेक ठिकाणी डिजिटल झाल्यामुळे नुसत्या चित्राच्या दर्जावरून तुलना करण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. संकेत नीट मिळत असूनही एखाद्या वाहिनीचे चित्र धूसर दिसत असेल, तर बहुधा तिच्या वाट्याला कमी बिटदर (दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण) आलेला असतो, आणि हे दोन्हीकडे घडते. निवड ठरते ती घराच्या जागेवरून, आणि संकेताची वाट बिघडली तर ती दुरुस्त कोणी करायची यावरून.

केबलचा उगम अडचणीतून झाला. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत डोंगराआडच्या वस्त्यांना प्रक्षेपण मिळत नसे, म्हणून उंचावर एक सामायिक अँटेना उभारून तिथून घरोघरी तारा नेण्यात आल्या. ब्रिटिश विज्ञानलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये भूस्थिर उपग्रहांमार्फत जगभर प्रक्षेपण करण्याची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षात आल्यावर १९७५ मध्ये एचबीओ या वाहिनीने केबलचालकांना उपग्रहाद्वारे कार्यक्रम पुरवायला सुरुवात केली. तेव्हापासून केबलवरच्या कितीतरी वाहिन्या मुळात उपग्रहावरूनच उतरतात. फरक एवढाच, की त्या झेलणारी मोठी छत्री ग्राहकाच्या नव्हे, तर केबलचालकाच्या आवारात असते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळे आकाशात एका जागी थांबल्यासारखा भासतो. म्हणूनच छत्री एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. मात्र ती नेमकी रोखावी लागते, कारण ६० सेंटीमीटर व्यासाच्या छत्रीचा झोत, म्हणजे ती संकेत टिपते तो आकाशाचा अरुंद भाग, जेमतेम ३ अंशांचा असतो आणि सैल बोल्टमुळे ती अंशभर सरकली तरी संकेत जाणवण्याइतका घटतो. घरगुती प्रक्षेपण बहुधा केयू या वारंवारिता-पट्ट्यात, १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास होते. तिथे तरंगलांबी सुमारे अडीच सेंटीमीटर असल्याने मुसळधार पावसाचे थेंब बरीचशी ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. डिजिटल चित्र हळूहळू फिके होत नाही. ते शेवटपर्यंत स्वच्छ राहते, मग एकाएकी चौकोनांत फुटते आणि गोठते. निरभ्र दिवशी चित्र ‘आले’ एवढ्यावर समाधान मानणारा तंत्रज्ञ पहिल्या मोठ्या सरीत उघडा पडतो. सेट-टॉप बॉक्सवरील संकेताची पातळी शक्य तितकी वर नेऊन मगच बोल्ट आवळणे हे खरे काम. विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि रोज काही मिनिटे प्रक्षेपण खंडित होते. त्यावर इलाज नाही.

छत्री आणि उपग्रह यांच्यामध्ये काहीही आड येता कामा नये. उत्तर गोलार्धात उपग्रह साधारणतः दक्षिणेकडे दिसतात, आणि जसजसे विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे ते क्षितिजाकडे झुकतात. अशा ठिकाणी समोरची इमारतही पुरेसा अडथळा ठरते. बसवताना ठेंगणे असलेले झाड चार वर्षांनी झोतात शिरते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते.

केबलला आकाशाशी देणेघेणे नाही, पण तिची मदार इतरांवर असते. तारेत संकेत क्षीण होत जातो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर लागतात आणि त्यांना वीज लागते. त्यांपैकी एक बंद पडला की पुढच्या सगळ्या घरांचे चित्र जाते. मग स्वतःच्या घरी वीज असून उपयोग नाही. मुख्य वाट प्रकाशतंतूची आणि शेवटचा टप्पा तांब्याच्या तारेचा, अशा मिश्र जाळ्यात हे ॲम्प्लिफायर कमी लागतात. केबलची जमेची मोठी बाजू म्हणजे द्विमार्गी असलेल्या जाळ्यात त्याच तारेवरून इंटरनेटही घेता येते. घरगुती उपग्रह दूरचित्रवाणी मुळात एकमार्गी आहे.

घरात दोन-तीन संच असतील तर फरक आणखी ठळक होतो. केबलला स्प्लिटर लावून संकेत वाटता येतो, फक्त दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला निम्म्याहून थोडी कमीच शक्ती मिळते. छत्रीचे तसे नाही. नेहमीच्या रचनेत बॉक्स तारेतूनच वर छत्रीच्या एलएनबीला (छत्रीसमोर बसवलेल्या, संकेत झेलणाऱ्या उपकरणाला) १३ किंवा १८ व्होल्ट दाब पाठवून उभे की आडवे ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) हवे ते सांगतो. दोन बॉक्स एकाच तारेवरून वेगवेगळ्या मागण्या करू लागले, तर एकाला आपली वाहिनी मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक बॉक्ससाठी वेगळे तोंड असलेली एलएनबी आणि स्वतंत्र तार लागते.

दोन्ही मार्गांत सर्वांत क्षुल्लक जागीच बिघाड होतो : उघड्यावरच्या पेचदार जोडणीत पाणी शिरते आणि तांबे हिरवट पडते. केबलच्या बाबतीत घराबाहेरची अशी जोडणी सहसा चालकाच्या अखत्यारीत येते. छत्रीच्या बाबतीत हमीचा काळ सरल्यावर ती बहुधा घरमालकाचीच असते, आणि गच्चीवर चढायचे कोणी हेही त्यालाच ठरवावे लागते.