मासा घास घेत नाही म्हणजे रंगच चुकला असं नसतं
बर्फाला भोक पाडून ब्लूगिल, क्रॅपी हे गोड्या पाण्यातले मासे पकडणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय की मासा जवळ येऊन परत गेला म्हणजे ल्यूरचा, म्हणजे गळाला लावलेल्या नकली घासाचा, रंग चुकला. गढूळ पाण्यात रंगाने फरक पडतो, नाही असं नाही, पण आधी गळाची दोरी बघा ना! दोरीला पीळ बसला असेल तर जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळवाला ल्यूर, गोल गोल फिरत राहतो आणि नखरेल मासा तसल्या घासाला तोंडच लावत नाही, मग गुलाबी लावा नाहीतर हिरवा. ब्लूगिलचं तोंड एवढंसं, तो घास पाण्यासकट ओढून घेतो, म्हणून छोटा जिग बरा, त्यातही टंगस्टन या जड धातूचा घ्या, शिशाच्या तेवढ्याच वजनाच्या जिगपेक्षा तो लहान असतो. आणि क्रॅपीची नजर वर असते, जिग त्याच्या खाली अजिबात सोडू नका.