फाईलचं नाव बदललं, पण आतल्या डब्यांचं काय?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एका मित्राचा तीन महिन्यांचा पगार अडकला होता. त्याने घरी बसून, आवाज जाड करून एक निनावी तक्रार रेकॉर्ड केली, फाईलला 'तक्रार 1' नाव दिलं आणि पाठवायच्या आधी मला ऐकवायला आणली. कॉम्प्युटरवर लावली तर प्लेअरच्या पट्टीत ठळक 'धरमपेठ', म्हणजे नागपुरातला त्याचा एरिया! "काऊन बे, हे कुठून आलं?" आणि त्याच्या ऑफिसात धरमपेठचा हा एकटाच.

लोकेशन चालू असलं की काही फोनचे रेकॉर्डर जागेवरूनच रेकॉर्डिंगचं नाव ठेवतात आणि ते फाईलच्या पोटातही लिहितात. बाहेरचं नाव बदलणं म्हणजे गाडीला लिंबू-मिरची बांधणं, मनाला बरं वाटतं एवढंच.

फोनचं रेकॉर्डिंग बहुतेक एम4ए प्रकारच्या फाईलमध्ये साठतं. एम4ए फाईल म्हणजे डब्यात डबा. प्रत्येक डब्याच्या पहिल्या 4 बाइटमध्ये डबा केवढा ते, पुढच्या 4 मध्ये त्याचं चार इंग्रजी अक्षरांचं नाव, मग माल. 'एमडॅट'मध्ये खरा आवाज, 'मूव्ह'मध्ये त्याचा हिशोब, शीर्षक, अ‍ॅपचं नाव. तारीखपण तिथेच, पण 1 जानेवारी 1904 पासून किती सेकंद झाले अशी (जुन्या मॅकची सवय), त्यामुळे तो आकडा आता 380 कोटींच्या वर गेलाय.

मग शीर्षकाचा डबा कापून फेकला तर? खरी मजा इथेच आहे. 'मूव्ह'मध्ये एक तक्ता असतो, आवाजाचा कोणता तुकडा फाईलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे ते सांगणारा. 'मूव्ह' आधी आणि 'एमडॅट' नंतर असेल आणि तुम्ही मधले 60 बाइट उडवले, तर आवाज 60 बाइट अलीकडे सरकतो पण तक्ता जुनेच पत्ते सांगत राहतो, प्लेअर भलतीकडेच वाचतो आणि गाडी बोंबलते. शिवाय तो डबा ज्या ज्या डब्यांच्या आत होता त्या सगळ्यांची लांबी 60 ने कमी करायची ती वेगळीच. म्हणून आळशी प्रोग्रॅम डब्याचं नाव नुसतं 'फ्री' करतात, म्हणजे 'इथे काही नाही, पुढे जा'. प्लेअर जातो पुढे, पण अक्षरं शून्यांनी पुसली नसतील तर हेक्स एडिटरमध्ये (फाईलचा एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) धरमपेठ तिथेच बसलेलं!

एमपी3 मध्ये वेगळा घोळ: जुना टॅग (शीर्षक वगैरे माहितीची चिठ्ठी) शेवटच्या 128 बाइटमध्ये, नवा सुरुवातीला, एक पुसला तरी दुसरा राहू शकतो.

एफएफएमपेग हा फुकटचा प्रोग्रॅम बरा. मेटाडेटा (शीर्षक, तारीख असली सोबतची माहिती) घेऊ नको, आवाज जसाच्या तसा कॉपी कर असं सांगितलं की डबे नव्याने बांधतो, क्वालिटी जात नाही, फक्त स्वतःचं नाव आत सोडतो. '100 टक्के अनोनिमस' म्हणणाऱ्या वेबसाइटी असतात, म्हणजे लपवायची फाईल आधी अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर चढवा. वा रे वा.

टॅग काढून आम्ही पुन्हा ऐकली. मागे कूलरची घरघर. घरातल्या विजेची 50 हर्ट्झची बारीक गुणगुणसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये उतरू शकते, ती फ्रिक्वेन्सी सतत किंचित हलत असते, आणि तो चढउतार वीज ग्रिडच्या नोंदीशी जुळवून रेकॉर्डिंग कधीचं ते फॉरेन्सिकवाले शोधू शकतात. पण इथे त्यांची गरजच नव्हती, दुसऱ्या मिनिटाला मित्राची आई त्याला नावानिशी जेवायला बोलावत होती.