माहिती-संकलन फॉर्म (ऑनलाइन स्प्रेडशीट)

अनेकांकडून एकाच साच्यातली माहिती गोळा करण्यासाठी ऑनलाइन स्प्रेडशीटला जोडलेला अर्ज. भरणाऱ्याला फक्त प्रश्न दिसतात. त्याने 'सबमिट' दाबले की त्याची उत्तरे मालकाच्या शीटमध्ये नवी ओळ होऊन बसतात. प्रश्न तितके स्तंभ आणि भरणारे तितक्या ओळी, असा हा सरळ हिशेब आहे.

गूगलने २००६ मध्ये ऑनलाइन स्प्रेडशीट आणली आणि २००८ मध्ये तिला फॉर्मची जोड दिली. पुढे फॉर्म ही वेगळी सेवा झाली, पण शीटशी असलेले तिचे नाते टिकले. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स २०१६ मध्ये आले. एअरटेबल या ऑनलाइन तक्ता-सेवेतही अशी सोय आहे.

गूगल शीट्समध्ये 'टूल्स' मेनूतून नवा फॉर्म उघडला की त्याच फाइलमध्ये उत्तरांसाठी वेगळा टॅब तयार होतो. पहिला स्तंभ 'टाइमस्टॅम्प'चा, म्हणजे फॉर्म कधी पाठवला त्या तारखेचा आणि वेळेचा. तो आपोआप भरला जातो.

खरे काम प्रश्न लिहिण्याआधीचे असते: शेवटी कोणता तक्ता हवा आहे हे आधी ठरवावे लागते. बहुतेक जण उलट दिशेने जातात आणि मग आलेली उत्तरे साफसूफ करत बसतात. 'विभाग' हा प्रश्न मोकळ्या उत्तराचा ठेवला, तर कुणी 'लेखा' लिहितो, कुणी 'लेखा विभाग', कुणी 'लेखाविभाग'. माणसाला तिन्ही एकच. पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे नोंदींचे गट पाडून बेरीज-मोजणी करणाऱ्या तक्त्यात, मात्र तीन वेगळे गट पडतात. ड्रॉपडाउन, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, दिला की हा घोळ मुळातच होत नाही. अनेक पर्यायांवर टिक करता येणारा प्रश्न भरायला सोयीचा, पण सगळी निवड स्वल्पविरामांनी जोडून एकाच सेलमध्ये येते आणि मोजणी किचकट होते. प्रत्येक पर्यायाची मोजणी हवीच असेल, तर 'हो/नाही'चे सुटे प्रश्न बरे. आकडा किंवा ईमेल मागताना 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' लावले की चुकीच्या साच्यातले उत्तर पुढेच जात नाही.

फॉर्म सुरू झाल्यावर केलेले बदल शीटमध्ये खुणा ठेवतात. नवा प्रश्न घातला की नवा स्तंभ वाढतो. प्रश्न काढून टाकला तरी त्याचा जुना स्तंभ उत्तरांसह तसाच राहतो. शीटमध्ये एखादे उत्तर दुरुस्त केले, तर फॉर्मच्या स्वतःच्या नोंदीत ते जुनेच असते; दोन्हीकडचे आकडे जुळेनात की आधी हे तपासावे. आणखी एक अडचण सूत्रांची. प्रत्येक नवे उत्तर नवी ओळ घालून येते, त्यामुळे शेजारच्या स्तंभात खालपर्यंत ओढून ठेवलेले सूत्र त्या ओळीला लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे वरच्या ओळीत 'अ‍ॅरेफॉर्म्युला' (एकच सूत्र सगळ्या स्तंभाला लागू करणारे फंक्शन) लिहिणे, किंवा उत्तरांच्या टॅबला हात न लावता सगळी आकडेमोड दुसऱ्या टॅबमध्ये करणे. दुसरा मार्ग अधिक सुरक्षित.

फॉर्म न जोडता शीटच भरायला देण्याची पद्धतही रूढ आहे. त्यात भरायचे सेल मोकळे ठेवून बाकीचा भाग 'प्रोटेक्ट' करतात आणि 'डेटा व्हॅलिडेशन'ने ड्रॉपडाउन लावतात. मात्र प्रत्येकाला इतरांच्या नोंदी दिसतात, आणि एकाने ओळींचा क्रम बदलला की तो सगळ्यांसाठी बदलतो. ओळखीच्या चार-पाच जणांपुरते ते ठीक. संख्या वाढली की फॉर्मच हवा.

गोपनीयतेच्या बाबतीत फॉर्मची लिंक आणि उत्तरांच्या शीटची लिंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत फॉर्मऐवजी शीटचीच लिंक पाठवली आणि ती 'लिंक असलेल्या कुणालाही' खुली असली, तर सगळ्यांचे फोन नंबर उघडे पडतात. उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखवण्याचा पर्यायही विचार करूनच चालू करावा. गूगलच्या फॉर्ममध्ये फाइल मागितली तर भरणाऱ्याला आधी साइन इन करावे लागते; ती फाइल मालकाच्या ड्राइव्हमध्ये जाते आणि शीटमध्ये फक्त तिची लिंक येते.